वाटबघीच्या डोहाला ‘येतो’ म्हनू नये

ऐका. आनि ती बॅटरी आधी बंद करा, माझ्या डोळ्यात नका मारू. किती जन हाय तुमी? पाच. मगाशी चा मी किती जनांस्नी दिला? पाच जनांस्नीच ना? बरं. ह्या रानात मानसं मोजलेली बरी.

“रात्रीच निघतो मावशी, पहाटेला धबधब्यावर पोचतो” म्हनं! अरं, ह्या रानात माझं केस पिकलं, पर दिस मावळल्यावर त्या वाटंला मी पाऊल टाकत न्हाई. हसू नका. माझ्या बाची गोष्ट हाय ती. बसा खाली.

माझा बा, जानू. ह्याच धनगरवाड्यावर म्हशी राखायचा. आई बाळंतपनाला तिच्या माहेरी गेलेली, रानाच्या पल्याड, खालच्या वाडीत. तिथं मी झाले. निरोप आला, पोरगी झाली म्हनून. पर भादव्याची झड, म्हशी व्यायला टेकलेल्या, बाला हलता येईना. अकरा दिस गेलं. बानं माझं तोंड बघितलं न्हवतं. आन दुसऱ्या दिशी सकाळी बारसं!

शेवटची म्हैस मोकळी झाली तवा अंधार पडला व्हता. बा तसाच उठला. कंदील घेतला, घोंगडं घेतलं. आत्या बारशाला आधीच म्होरं गेलेली, पर तिनं माझ्यासाठी शिवलेली लाल खनाची कुंची घरीच ऱ्हायलेली, ती कमरंला खोचली. आजी दारात आडवी आली.

“जान्या, सकाळी जा रं. वाटबघीचा डोह लागतो वाटंत.”

“सकाळी निघून पाळन्याला हात कवा लावू? माझी लेक हाय ती. येतो गं आये.”

आन गेला. घरातनं निघताना ‘जातो’ म्हनत न्हाईत, तुमच्यात बी न्हाई म्हनत ना? जातो म्हनलं की आई पाठीत धपाटा घालती. जातो त्यो कायमचा जातो. एवढं ध्यानात ठिवा, पुढं लागंल.

तर बा चालला. पायाला जळवा, वर झाडं अशी दाट की आभाळ दिसंना. दोन घटका चालला आन धबधब्याचा आवाज आला. घोंऽऽ. डोहापाशी पोचला, वाकून पानी प्याला, मान वर केली तर धोंड्यावर बाई बसलेली!

बा काय खुळा न्हवता. त्यानं आधी पाय बघितलं. सरळ! तुमच्या-माझ्यासारखं सरळ. म्हनूनच फसला की! पर मनात पाल चुकचुकली. बाई धारंच्या बुडाला बसलेली, अंगावर पान्याचं शिंतोडं उडत्यात, आन लुगडं कोरडं ठाक! बाचं घोंगडं पार भिजून गेलेलं, आन हिचं लुगडं कोरडं? कसं काय?

“लांबचा दिसतोस. बस की जरा,” बाई म्हनली.

बाला तिथनं सटकायचं व्हतं. तोंडाला सवय असती बघा. म्हनला, “न्हाई मावशी, घाई हाय. येतो.”

“बरं. वाट बघते,” ती म्हनली.

कळली का चूक? न्हाई? ऐका मग.

बा चालला. झपाझपा चालला. धबधबा मागं पडला की आवाज कमी व्हायला पायजे का नको? व्हईना! जेवढा चालतोय तेवढाच आवाज. घोंऽऽ. उजवीकडं वळला, तरी समोरनंच. करवंदीची जाळी फाकवली आन बघतोय तर त्योच डोह!

“आलास?” बाई म्हनली. “भात टाकलाय.”

तीन दगडांवर मडकं. खाली जाळ, पर धूर न्हाई. बानं लांबनं हात धरून बघितला, ऊब न्हाई. बा मागं सरला. तरी तोंडातनं काय निघालं? “नको मावशी, येतो मी!”

अरं माझ्या बाबा, काय म्हनावं तुला!

पळाला. पडला, कंदील फुटला. अंधारात हातानं झाडं चाचपत पळाला. ह्या वक्ताला तर पानी त्याच्या पायाशीच आलं. डोहाच्या काठावर उभा! आन ल्हान पोराचं रडनं. ट्यांहा, ट्यांहा.

“आलास?” ती म्हनली. “तुला किती रं हेलपाटं! म्हनून मीच घेऊन आले तुझ्या लेकीला. घे.”

त्याच बिनधुराच्या जाळाच्या उजेडात दिसलं, मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्याला लाल खनाची कुंची!

बानं कमरंला हात लावला. कुंची न्हाई.

आता सांगा. त्यानं लेकीचं तोंड बघितलं न्हवतं. वळखायची कशी? खरंच आनली असंल तर? बा मला सांगायचा, येसू, त्या वक्ताला माझं दोन्ही हात आपसूक पुढं झालं व्हतं गं. एक पाऊल पान्यात पडलं बी व्हतं.

“मला जाऊ दे,” बा रडाया लागला. “का धरलंयस मला?”

“मी कुठं धरलंय?” बाई म्हनली. “तूच म्हनलास, येतो. दोनदा म्हनलास. म्हनून मी थांबले.”

तवा बाच्या डोक्यात उजेड पडला! तोंडानं शबूद देऊन बसलाय त्यो. आता सोडवायचा तर एकच बोल, कुनी बोलत न्हाई त्यो. पर मांडीवर लेक! ती खरी असली तर तिच्या तोंडावर कसं म्हनायचं? पाचवी झालेल्या पोरीला बापानं असं बोलायचं?

बानं डोळं गच्च मिटलं. आन वरडला, “मी जातो! परत येनार न्हाई. जातो!”

धबधबा गप. सगळं रान गप. रडनारं बाळ बी गप.

मग ती बाई रडाया लागली. बा म्हनायचा, तसं रडनं पुन्यांदा ऐकलं न्हाई. त्यानं मागं बघितलं न्हाई, पळत सुटला. आवाज मागं मागं पडत गेला. फटफटायला खालच्या वाडीत, आईच्या दारात.

“पोरगी हाय का?” पयला सवाल.

“हाय की! पाळन्यात हाय, असं काय इचारताय?” आई म्हनली.

बा पाळन्यापाशी जाईना. हातच लावंना. मी भुकंनं भोकाड पसरलं तवा कुठं उचललं त्यानं मला, आन मग संध्याकाळपतुर खाली ठिवलं न्हाई. आत्यानं कानात कुर्रर्र करून येसू नाव ठिवलं. बोडक्या डोक्यानं बारसं झालं माझं. कुंची काय गावली न्हाई. अजून तिच्यापाशीच हाय.

तर ती वाट रातची न्हाई करायची. न्हाईच! जायाचं तर उन्हं वर आल्यावर जावा. आन डोहावरनं निघताना पाठ फिरवून खनखनीत म्हना, जातो. माझ्या दारातनं निघताना म्हना, येतो. उलटं झालं तर मी जबाबदार न्हाई.

काय? दार का उघडं ठिवलंय इचारतोस? लई बारीक लक्ष हाय रं तुझं.

बा म्हातारपनानं गेला, त्याला चार पावसाळं झालं. ह्याच सोप्यात, माझ्या मांडीवर डोकं. जन्मभर तोंडाला जपला, कुनाला येतो म्हनताना आधी इचार करायचा. आन शेवटाला माझ्याकडं बघितलं, हसला, म्हनला, “येसू, येतो गं.”

तवापासनं रातचं दार लावत न्हाई मी. आता माझ्याकडं असं काय बघताय? माझं लुगडं पावसानं वलं हाय, हात लावून बघा हवं तर. झोपा आता.