आज्याचं ज्ञान अन् सुनेचा लॅपटॉप

राजापेठेतल्या मोबाईलच्या दुकानात माझ्यापुढं तिवशाचे एक संत्रावाले काका उभे होते. त्यांनी मोबाईल दुकानातल्या पोरापुढं ठेवला.

"बापू, यातलं ते सिंक बंद करून दे."

"काहून काका? चांगलं असते ते. मोबाईलवर पाह्यलेलं घरच्या लॅपटॉपवरबी दिसते."

"दिसते म्हणूनच बंद कर. लॅपटॉप सुनेजवळ असते."

"असं काय पाह्यलं तुमी?"

"दात नको काहाडू. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ कशी थांबवावी, हे पाह्यलं."

"मंग त्यात लपवाचं काय?"

"अबे, बगीच्याचं काईबी असलं तं सारा गाव मले इचारते. मी डोये मिटतो अन् म्हणतो, आमच्या आज्याची एक युक्ती हाय, उद्या या."

"अन् उद्यापर्यंत आज्याले मोबाईलमंधी शोधता!"

"परवा गावातला देवानंद इचाराले आला. मी डोये मिटले, तं सून आतून म्हणे, 'मामाजी, आज्याची युक्ती लॅपटॉपवर आली, वाचून दाखवू का?'"

"मंग?"

"मंग काय! आता लोकं ओट्यावर मले रामराम करतेत अन् सल्ला तिले इचारतेत."

"घ्या, केलं बंद. आता तुमचं तिच्याकडं जात नाही, तिचं तुमच्याकडं येत नाही."

"थांब, थांब. तिचं येऊ दे. पोरगी लय बारीक शोधते."

"असं एकतर्फी होत नसते, काका."

"काहून होत नसते? आमच्या घरी आजवर तसंच चालू हाय."