कानबाईच्या मुकुटावरची रेघ

माझं गाव भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. वडील पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचे आणि बाकीचं वर्ष दुसऱ्याच्या शेतात राबायचे, तर ब्रश माझ्या हातात तिथूनच आला. शहरात आलो, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागची कमळं, लग्नघरांचे गणपती, सगळं केलं. पुढे छापील बोर्ड आले, धंदा बसला, मग मिळेल ते काम.

आमच्या वस्तीमागून नाला जातो. पूर्वी तिकडे नाक धरूनच जावं लागायचं. मग त्याच्या काठाने फिरायचा रस्ता केला, फरशी, बाकं, कडुनिंबाची रोपं, चांगलं झालं, मी वाईट म्हणणार नाही. एके ठिकाणी तो रस्ता पुलाखालून जातो, तिथे खोल आहे. म्हणून फाटक, फाटकावर युसूफ, आणि समोरच्या भिंतीवर लाल रेघ. पाणी रेघेला लागलं की युसूफने शिट्टी वाजवायची, माणसं वर काढायची, फाटक लावायचं. पालिकेच्या साहेबांनी खडूने खूण करून दिली, म्हणाले, नाना, एक बोटही इकडेतिकडे नको.

पण काय सांगू तुम्हाला, त्या भिंतीवर आठ दिवस आधी मीच आमची कानबाई देवी काढली होती. श्रावणात आमच्याकडच्या बाया कानबाई तिथेच पाण्यात सोडतात, त्यांनी हट्टाने काढून घेतली. आणि साहेबांची खूण आली बरोबर तिच्या गळ्यावर. मी ब्रश उचलला तर मागे त्याच बायांतली मंगलाअक्का उभी. ती म्हणे, देवीना गळावर लाल रेघ मारशी का रे भाऊ? हात झडी जाई तुन्हा. मी म्हटलं, अक्का, साहेबना हुकूम शे. ती म्हणे, तुन्हा साहेबले सांग, सोतानी मायना गळावर मार म्हना. बाया हसल्या. मीही हसलो, आणि रेघ मुकुटाच्या वर मारली. हातभर वर. हातभराने काय होतं, असं वाटलं. उद्घाटनाच्या घाईत साहेब पाहायला आले नाहीत.

भादव्यात सकाळी पूर आला. पाऊस वरच्या अंगाला, इकडे ऊन, फिरणारी माणसं होतीच. पाणी कानबाईच्या खांद्याला लागलं, गळ्याला लागलं, नाकाला लागलं, युसूफ रेघेकडे बघत उभा, त्याला तेवढंच सांगितलेलं. पुलाखाली तोवर कमरेइतकं झालं. माणसं आपली आपण पळाली. हिराबाई तिथे कारल्याचा रस विकायची, ती भांडी उचलायला थांबली. ती सापडली दुसऱ्या दिवशी. लोक म्हणाले, युसूफ झोपला होता.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक नाही, ते तसंच लिहा.

पाणी उतरलं, कानबाई गाळाने पुसली गेली होती, मला भिंत पुन्हा रंगवायला बोलावलं. मी रेघ खाली घेतली, मोजून, जिथे गळा होता तिथे. कोणी सांगितलं नव्हतं. मग चौकशीची माणसं आली. युसूफ म्हणाला, साहेब, रेघ वर होती, आणि हात उंच करून दाखवला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मला विचारलं, रेघ कुठे होती? मी म्हटलं, आहे तिथेच. बायांना कोणी विचारलं नाही. अक्का नंतर मला पाहिलं की मान खाली घालून जायची. आता तीही गेली.

युसूफची नोकरी गेली. तो रावेरला गेला, ट्रकमध्ये केळी भरायला.

मागच्या महिन्यात मी गेलो. पाठ धरली म्हणून तो घरीच पडून होता. मी सगळं सांगितलं. तो भिंतीला धरून उठून बसला. मग म्हणाला, नाना, मी तर मानूनच चाललो होतो की मला डुलकी लागली असेल. एवढे लोक म्हणतात म्हणजे लागलीच असेल. मग त्याने बायकोला हाक मारली, जुबेदा, बाहेर ये. नाना, परत सांगा. मी परत सांगितलं. तो म्हणे, ती रेघवाली बात अजून एकदा. मी अजून एकदा सांगितली. जुबेदा म्हणाली, मी पण यांना भांडणात झोपाळू म्हणत आले, हे एकदाही उलटून बोलले नाहीत. तोंडी नको नाना, लिहून आणा. तिने चहा विचारला नाही. बरोबरच केलं.

म्हणून तुमच्याकडे आलो. पाटीवर चार शब्द लिहिणारा माणूस मी, एवढं लांब जमत नाही. देव तुमचं भलं करो, आता वरपासून वाचून दाखवा. आणि युसूफ जागा होता, हे वाक्य त्यात आलं नसेल तर आधी ते घाला.