करुणानं काचेचे डब्बे आणले तेव्हापासून

...अन् वरतून मलेच म्हणते, "काकाजी, जपून हो, काच आहे." आता तुमाले सांगतो, मी तेजराम, जवाहरनगरच्या फॅक्टरीत तीस वर्षं बारुदाजवळ काढले, हातातून कधी काही सुटलं नाही, अन् ही शेजारची करुणा मले वांग्याची भाजी देते अन् म्हणते, जपून.

आमची घरवाली गोदावरी जाऊन दोन वर्षं झाले. पोरगा पुण्याले. तेव्हापासून करुणा रोज बाराच्या टाईमाले कंपाउंडच्या भिंतीवरून डब्बा देते. आधी प्लॅस्टिकचे देत जाय... आईस्क्रीमचा, श्रीखंडाचा, डब्बा एकाचा तर ढक्कण दुसऱ्याचं. पडला तर पडला, वापस नाही केला तरी कोणी विचारत नाही. माह्या घरी खिळे तिच्या डब्ब्यात, गोळ्या तिच्या डब्ब्यात, लाईट बिलं तिच्याच डब्ब्यात.

मग बचत गटात कोण्या बाईनं सांगितलं, गरम भाजी प्लॅस्टिकमंदी टाकू नोका, तब्येतीले बरं नाही. बरोबरच आहे जी, लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची कढी एकदा टाकली का डब्बा जन्मभर पिवळा, मीही पायलं आहे. पण हिनं एका दिवसात सारं प्लॅस्टिक भंगारवाल्याले देलं, अन् साकोलीले माहेरी गेली तर येताना काचेचे सहा डब्बे घेऊन आली.

आता काच भिंतीवरून कशी द्याव? ती तिकडून टाचा उचलते, मी इकडून टाचा उचलतो, दोघांच्या मधात गरम कढी लटकून राहिली, अन् ती म्हणते, "जपून, काच आहे." घरी आणला तर आणखी वेगळं... "काकाजी, गॅसवर ठेवू नोका. फ्रिजातून काढून एकदम गरम पाण्यात टाकू नोका. काच आहे." मी जेवू का त्याची सेवा करू?

अन् तान्ह्या पोळ्याच्या दिवशी फुटला. हाताले साबण, डब्ब्याले साबण, गेला. एवढा आवाज झाला का मी मागं वळून पायलं, कोणी रागावते का. घरात रागावणारं कोण आहे... तुकडे पेपरात बांधले, पण फेकवले नाही. बजारात चार दुकानं फिरलो, तसा चौकोनी डब्बा कोणाजवळच नाही. मग काय कराव? तीन दिवस भिंतीजवळ गेलोच नाही. ती तिकडून आवाज दे, "काकाजी, डब्बा देता का?" मी आतूनच, "पोट बिघडलं बाई, मले काही नोको." चहा अन् टोस, टोस अन् चहा. खरं सांगू? भुकेचं काही नाही जी. पण बारा वाजले का कान भिंतीकडं जाय. दिवसभरात मले हाक मारणारं एकच तोंड होतं, तेही मीच बंद केलं.

चौथ्या दिवशी फाटक वाजलं. करुणा, अन् मागं तिचा सासरा सुखराम, हातात ओआरएसच्या पुड्या. टेबलावर टोसचा पुडा, बाजूले पेपरातले तुकडे. तिनं पेपर उघडून पायला.

मी म्हटलं, "तुहा सेट तुटला बाई. तसा डब्बा भेटून नाही राहिला."

"ह्याच्यापायी तीन दिवस उपाशी?" ती म्हणे. "काच बजारात भेटते काकाजी. तुमी कुठं भेटता?"

मी टोसचा पुडा गुंडाळत बसलो. ती म्हणे, "उद्यापासून डब्बा बंद. ताटावर या."

मले हेच नोको होतं. डब्बा आणला का वाटे, आपल्या घरी जेवलो. दुसऱ्याच्या घरी पाटावर बसलं का समजते, आपल्या घरी वाढणारं कोणी नाही. नाहीच जात होतो मी. पण दुसऱ्या दिवशी सुखराम दारातच उभा, "चला जी, वाढलं आहे, थंडं होऊन राहिलं." गेलो.

तेव्हापासून रोज जातो. भाजी गरम, भात गरम, कोणी ना कोणी बोलते. एकच गोष्ट... सुखरामले बीपी आहे, तर त्या घरातला सारा सैपाक अळणी. डब्बा देत जाय तेव्हा करुणा माह्या भाजीत वरून मीठ टाकत होती, हे मले आता मालूम पडलं. परवा हळूच म्हटलं, "करुणा, थोडंसं मीठ..." तर तिच्या आधी सुखरामच बोलला, "ते पाहुण्याले असते जी. घरच्याले नाही भेटत."

मग काय. जेवलो तसाच.