सौरभची स्पॅनिश

आमच्या अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या दुकानात येणारा पुण्याचा सौरभ माहितीय ना, एमएस करतोय तो? "काका, महिन्याभरात फाडफाड स्पॅनिश बोलतो की नाही बघा," म्हणत पठ्ठ्या गरजूंना फुकट धान्य-भाजी वाटणाऱ्या फूड बँकेत व्हॉलंटियर झाला. तिथे फक्त स्पॅनिश बोलणाऱ्या ग्वाटेमालाच्या मार्तामावशी दुपारी सगळ्यांना घरचं जेवण वाढायच्या. याला विचारलं की हा लाजून म्हणायचा, "नो, नो." मावशी ताट घेऊन पुढे! एवढं इंजिनिअरिंग शिकला, पण भूक लागलीय म्हणून सांगता येईना.

माझ्याकडे येऊन कुरकुरला, "काका, आग्रहच करत नाहीत हो!"

"तू काय त्यांचा जावई आहेस? सरळ 'सी' म्हण. 'सी' म्हणजे हो."

दुसऱ्या दिवशी पोटभर जेवला. मग मावशींनी हसत आणखी काहीतरी विचारलं, यानं त्यालाही 'सी' ठोकलं. संध्याकाळी कंबर धरून दुकानात हजर.

"काका, बटाट्यांचा अख्खा ट्रक उतरवला! आता म्हणे दर शनिवारी मीच! स्पॅनिशमध्ये 'नाही' कसं म्हणतात?"

"नो," मी म्हटलं. "तो शब्द तर तू उपाशी राहून पाठ केलायस!"