रोवणीतला बंद डबा

माहेर माह्यं मुलचेऱ्याकडचं, बापाची बांधी म्हणजे धानाचं शेत, बारावी झाली न् मले इकडे दिलं, मंग मी गावातल्या पोरापोरींचे वर्ग घेणारी ताई झाली. काय शिकवते म्हणता? आवडते त्यालेबी नाई म्हणता आलं पाहिजे, रोज फोन तपासणं म्हणजे जीव लावणं नोहे, धमकी म्हणजे पिरेम नोहे. बाया म्हणत, पोरी बिघडवून राह्यली. म्हणोत, मी कोणाच्या बापाले भेत नाई.

पण पोरी तोंडानं इचारत नाईत न् जी. म्हणून समाजमंदिरात बिस्किटाचा डबा ठेवला, झाकणाले फट, वरून कुलूप. चिठ्ठी टाका, नाव लिहू नका, मंगळवारी मी सगळ्याईपुढं उत्तर देते. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लागली का वर्ग बंद. पोरी बांधीत, मीबी बांधीत, चिठ्ठी टाकाले कोण येते? चाबी घरी टांगून ठेवो. दरसाल तसंच करत होती.

त्या रोवणीत पौर्णिमाचं लग्न निघालं. माह्या वर्गातली, नुकती अठरा झालेली, पुढंच बसे. घाईघाईत, विहारात. मले वाटलं, दोघाईचं जमलं असंन, घरच्याईनं मानलं, चांगलंच झालं. मी फुलं टाकली, जेवली, तिले म्हणलं, बाई, सुखानं नांद. तिनं रडत माहा हात धरला न् सोडेच नाई. मी हासली, काय सांगू तुम्हाले, हासली मी, म्हणलं अवो सगळ्याच रडतेत, न् तिची बोटं एकेक करून सोडवली.

रोवणी संपली, डबा उघडला. एकच चिठ्ठी. ताई, नाव नको म्हणता पण मी पौर्णिमा. माह्ये फोटो आहेत त्या पोरापाशी, त्याच्यासंग बोलली नाई त गावाले दाखवीन म्हणते. बाबा म्हणतेत, त्यालेच देऊन टाकतो. मले नाई जायचं. मंगळवारी सांगा.

कोणता मंगळवार जी?

तिच्या सासरी जायाले माह्ये पाय उचलेनात, दिवाळी झाल्यावर गेली. सासू बसून होती. पौर्णिमा मले सोडाले दारापर्यंत आली त हळूच इचारे, ताई, डबा उघडला का? हो म्हणलं, चाल माह्यासंग, आत्ताच. म्हणे, आता कुठी येऊ, दिवस गेलेत मले. या खेपेले तिनं हात धरला नाई.

आता रोवणीतबी रोज डबा उघडते, चिखलाच्या पायानं. झोप लागते न् लागते त ते बोटं जाणवतेत. लग्नाले जाते, फुलं टाकते, पण सुखानं नांद म्हणत नाई कोणाले. अगदी कानापाशी जाऊन नवरीचा हात धरते न् इचारते, बाई, तुले जायचं आहे न्? ती हो म्हणेस्तोवर सोडत नाई, पंगत थांबली तरी.