डीपीवरची पिंड

उमादेवी : पुन्यांदा सांग माय. फॉलो म्हंजी तिच्या मागं जायाचं. मंग ही रिक्वेस्ट कशापाई?

मंजुश्री : अक्षराताईंचं इन्स्टाग्राम प्रायव्हेट आहे, आत्याबाई. म्हणजे कुलूप लावलेलं. आधी विचारायचं, येऊ का म्हणून. ती रिक्वेस्ट. त्या हो म्हणल्या की त्यांचे फोटो दिसतात, स्टोरी दिसते. डीएम म्हणजे दोघींतलंच बोलणं. सकाळपासून तेच सांगून राहिले मी.

उमादेवी : थकलीस, कळतंय. मी बी थकले. पोटच्या लेकीला हाक मारायला यवढं शिकावं लागतंय.

मंजुश्री : ताई सासर सोडून नांदेडला राहिल्या, मामंजींनी त्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हाच ताईंनी नंबर बदलला. मला, ह्यांना, सगळ्यांना ब्लॉक केलं.

उमादेवी : ब्लॉक म्हंजी?

मंजुश्री : आपण त्यांना दिसत नाही, त्या आपल्याला दिसत नाहीत.

उमादेवी : मंग मला ब्लॉक न्हाई. मला दिसती ती. नुस्तं न्हाई म्हनून राहिली.

मंजुश्री : तुम्ही रिक्वेस्ट पाठवली होती?

उमादेवी : पोळ्यापासून धाडून राहिले. दर बारीला काढून टाकती. बापाचा राग माझ्यावर काढून राहिली. काढू दे. पन लई लागलं गं.

मंजुश्री : बघू तुमचा मोबाईल. हे तुमचं? डीपीला महादेवाची पिंड, नाव 'ॐ नमः शिवाय', गाव मुरुड?

उमादेवी : मंग काय माझं थोबाड टाकू? बाईमानसाचा फोटो गावभर फिरतोय. पिंडीला कोन नाव ठिवंल?

मंजुश्री : आत्याबाई, डीपी म्हणजे आपण कोण ते समोरच्याला कळावं म्हणून. असल्या रिक्वेस्ट मलाही रोज येतात, कुण्या अनोळखी माणसाच्या. मीही काढून टाकते. ही पिंड म्हणजे तुम्ही, हे ताईंना माहीतच नाही.

उमादेवी : म्हंजी तिनं मला काढलंच न्हाई?

मंजुश्री : तुम्हाला नाही काढलं.



उमादेवी : कवापासून घास गोड लागला न्हाई मला.

मंजुश्री : नाव बदलून देते. फोटोही काढते तुमचा. पण डीपीला कुलूप नसतं, ती कुणालाही दिसते. मामंजींच्या दुकानात कुणीतरी त्यांना दाखवेलच.

उमादेवी : दाखवंना. मी सांगन त्येनला. त्येचं भ्याव न्हाई आता.

मंजुश्री : मग तोंड का फिरवून घेतलं?

उमादेवी : आतापातूर ती पिंडीला न्हाई म्हनत हुती. आता न्हाई म्हनली, तर ते मलाच.

मंजुश्री : राहू द्यायचं का मग?

उमादेवी : न्हाई. काढ फोटो. कोन आलंय, ते तर कळू दे तिला.