भाऊबीज आणि चौकातला फ्लेक्स

देवाच्या दारी बसलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना माझा दंडवत! आता मंडळी, एक सांगा. आपल्याच माणसाची सरकारात तक्रार करणं, हे पाप की पुण्य? बोला! गप्प बसलात ना? शेजाऱ्याची करायची असती तर अर्धा मांडव उठून गेला असता. पण सख्खा भाऊ असला तर? टाळकरी, तुम्ही का खाली बघता? मी तुमच्या घरचं नाही सांगत. दुसऱ्या गावचं आहे, ऐका.

तालुक्याचं एक गाव. तिथे भगीरथअप्पा ढोले म्हणून मोठं प्रस्थ! मंडळाचा अध्यक्ष, जत्रेचा पुढारी, मनाने लोण्यासारखा — पण फोटोची हौस भारी. चौकात लोखंडी खांबांवर मोठा सांगाडा उभा केलेला, आणि त्यावर वर्षभर अप्पा! हात जोडलेले, काळा चष्मा लावलेला. कोपऱ्यात भैरोबा. देव केवढा? पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि अप्पा केवढा? आता तुम्हीच समजा, मी काही म्हशीचं नाव घेत नाही.

नगरपालिकेची परवानगी? कसली परवानगी! अप्पाला विचारणार कोण? आणि गंमत अशी, की जुना फ्लेक्स कधी उतरायचाच नाही. का? तर त्यावर देवाचा फोटो! देवाला फाडायचं कसं, टाकायचं कुठे? मग काय करायचं — जुन्यावर नवा बांधायचा. जत्रेचा होता, त्यावर वाढदिवसाचा, त्यावर पुढच्या वाढदिवसाचा. अंगावर गोधड्या चढवाव्यात तसे थर चढले. वारा सुटला की सगळा सांगाडा कुरकुरायचा. आणि त्याच्या बरोबर खाली अप्पाचं बाकडं. रोज संध्याकाळी तिथे अप्पाची बैठक.

अप्पाची थोरली बहीण शालनअक्का. त्याच गावात दिलेली, दोन गल्ल्या सोडून. आई गेल्यावर अप्पाला तिनेच वाढवलेला. एकदा ती भाजी घेऊन चौकातून निघाली, तेवढ्यात वारा सुटला. बघते तर खांब हलतोय आणि खांबाच्या बुडाशी फरशी उचलतेय! खाली बाकड्यावर अप्पा निवांत सुपारी कातरत बसलेला.

माउली तशीच बाकड्याकडे धावली हो! तिने तिथल्या तिथे सांगितलं, बाबा, हे उतरव. अप्पा हसला. म्हणाला, वर भैरोबा आहे, पडेल कसा? तिने पुन्हा सांगितलं, घरी जाऊन सांगितलं, भावजयीकरवी सांगितलं. शेवटी म्हणाली, तू नाही उतरवलास तर मी नगरपालिकेत जाईन. तेव्हा मात्र अप्पाचा पारा चढला.

"माझा फ्लेक्स उतरवलास, तर माहेरची पायरी विसर."

आया-बायांनो, तुम्हाला सांगायला नको या वाक्याचं वजन. बाई म्हातारी झाली तरी माहेर म्हटलं की तिचं पाऊल हलकं होतं. आणि दिवाळी तोंडावर आलेली! भाऊबीजेला भाऊच आला नाही तर ओवाळायचं कुणाला? भिंतीला? रात्रभर बाई तळमळली. तिनं एकच विचार केला — रुसलेला भाऊ चालेल, पण भाऊ असू दे.

सकाळी गेली. तक्रार दिली. तिथला साहेब बरा माणूस. म्हणाला, मावशी, घरातली गोष्ट आहे, तुमचं नाव गुप्त ठेवतो. अक्का म्हणाली, "नको. भावाचं भलं बहिणीने लपून का करायचं?"

टाळी वाजवा की! मोबाईलवरचं बोट जरा उचला!

नगरपालिकेची माणसं आली. दोर आणले, शिडी लावली, खालची जागा मोकळी केली. आणि थबकली. कुणीच वर हात लावेना. देवाचा फोटो! उद्या काही झालं तर? तेवढ्यात अक्का आली, हातात हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. खांबाला कुंकू लावलं, वर बघून म्हणाली, "देवा, जरा खाली उतर. माझा भाऊ खाली बसतो."

उतरायला लागले थर. अप्पा समोरच्या दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून, तोंड फुगवून उभा. या वर्षीचा अप्पा उतरला. मागच्या वर्षीचा अप्पा उतरला. त्याखाली जत्रेचा भैरोबा. आणि सगळ्यात तळाशी कोण निघालं असेल? आबा! अक्काचे आणि अप्पाचे वडील! भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स. बघा मंडळी, खाली बाप, बापावर देव, आणि देवावर आपण!

आबांचा फ्लेक्स सुटला, दोर सैल झाला, आणि खांब बुडातून मोडला. गंजून पोकळ झालेला हो! माणसं बाजूला होती, कुणाला ओरखडाही नाही. पण खांब आडवा झाला तो थेट बाकड्यावर. बाकड्याचे दोन तुकडे झाले.

अप्पा घरी गेला. अक्काही गेली.

भाऊबीज आली. अक्काने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजनात वात घातली. संध्याकाळ उतरली तरी भाऊ नाही. नवरा म्हणाला, अगं, चंद्राला ओवाळ आणि जेवायला चल. बाई ताट घेऊन अंगणात आली. तर दारात अप्पा उभा! काखेत फ्लेक्सची गुंडाळी. पुसून स्वच्छ केलेले आबा.

"अक्का, आबांना मीच झाकून टाकलं होतं गं," म्हणाला. मग म्हणाला, "ओवाळ मला. त्या बाकड्यावर मी रोज बसत होतो."

अक्काचे डोळे भरून आले, पण जीभ बहिणीचीच. म्हणाली, "बस पाटावर. हा मोडत नाही."

तर मंडळी, पाप की पुण्य? आता बोलता ना मोठ्याने! मग तुमच्या गल्लीत कुठे काय लटकतंय ते बघा. फोटो काढा, ठिकाण सांगा, नगरपालिकेत तक्रार द्या, आणि काम होईपर्यंत विचारत राहा. पण आधी मागे वळा. वळा, वळा! मांडवाच्या दारात विजेच्या खांबाला काय बांधलंय? माझाच हसरा फोटो! खाली आपल्या लेकीबाळींच्या चपला, आणि वर मी लोंबकळतोय. अध्यक्षसाहेब, वायरमनला बोलवा आणि मला खाली उतरवा.

आरतीचं ताट तयार आहे, मला दिसतंय. देव थांबेल. तो खांब मोकळा झाला, की आपण आरतीला उभे राहू.